उतरण आणि आपले गुडघे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने कशावर बोलावे, याविषयी एक संकेत ठरून गेलेला आहे. संतवाङ्मय, नाहीतर गुजरातेतील मराठीचे भवितव्य, नाहीतर गेला बाजार वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘गुडघे’ असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी माझ्या प्रकृतीविषयी सांगतो आहे! विषयच तो आहे हे कळल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “सर, मग सभागृह भरेल.” ते भरलेले दिसते आहे. पुढील दोन रांगांतील खुर्च्या आधीच कोणी अडवल्या आणि सतरंजी रिकामी का राहिली, हे पाहिले की विषयाची निकड निराळी सांगावी लागत नाही.

मी वैद्य नाही. मी भाषा शिकवतो आणि सुट्टीत पायी हिंडतो. गेली वीसएक वर्षे आपल्या सभासदांच्या पदयात्रांबरोबर जातो आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते काही पाहिलेले, काही जाणकारांना विचारलेले आणि काही वाचलेले असे आहे. विषय नेमका सांगतो: लांबच्या पायी यात्रेत तीव्र उतार आला असता गुडघे कसे राखावेत.

आरंभ भाषेपासून करतो, कारण तो माझा धंदा. मराठीने गुडघ्याचा फारसा मान ठेवलेला नाही. उतावळ्या नवरदेवाने बाशिंग बांधायचे ते गुडघ्याला, मूर्खाची अक्कल असते ती गुडघ्यात, आणि हरलेला माणूस टेकतो तेही गुडघेच. उतरणीचेही तसेच. अधिकार गेलेला मनुष्य ‘पायउतार’ होतो, वय झालेल्याला आपण ‘उतारवय’ लावतो, आणि अवनती म्हणजे काय तर ‘उतरती कळा’. चढणे म्हणजे पुरुषार्थ आणि उतरणे म्हणजे त्याचा शेवट, असे आपल्या भाषेने जणू ठरवून टाकले आहे. वाङ्मयातही तोच पक्षपात दिसतो. आषाढीला माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा ते दृश्य पाहायला आणि टिपायला केवढी गर्दी लोटते! पौर्णिमेनंतर तीच पालखी परत फिरते आणि तोच घाट उतरते. त्या परतवारीत माणसे थोडी, चाल वेगाची, आणि जाताना लागतात त्याहून दिवस बरेच कमी. दिवे घाटाच्या चढणीवर लेख पुष्कळ सापडतील. उतरणीवर लिहिणारा मला तरी क्वचितच भेटला. परतवारी करणाऱ्याचे गुडघे मात्र दोन्ही वेळा त्याच घाटातून जातात.

आपल्या सुरतेची अडचण याहून वेगळी आहे. तापीच्या काठी वसलेले हे शहर सपाट. येथे चढ म्हणावा असा काय तो उड्डाणपुलाचा. आपल्याकडून शिर्डीला आणि वणीला पायी जाणारी मंडळी सापुताऱ्याचा घाट चढतात खरी. पण देवदर्शन झाले की मोटारीत बसून येतात. म्हणजे घाट चढण्याची सवय थोडीफार होते, उतरण्याची मुळीच होत नाही. आणि मग याच पायांनी आपण गिरनारला जातो.

दत्तसंप्रदायामुळे गिरनार हे महाराष्ट्राचे जणू माहेर झाले आहे. वाटेने वर जाताना कानावर जितकी गुजराती पडते तितकीच मराठी पडते. पायऱ्या दहा हजार म्हणून सांगतात. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव असा हट्टाने हिशेब देणारेही आहेत. निम्म्यावर अंबाजी, पुढे गोरखनाथाचे शिखर, तेथून खोल उतरून पुन्हा चढले की दत्तपादुका. हे मधले उतरणे-चढणे येताना पुन्हा भोगावे लागते. कार्तिकातील लीली परिक्रमा त्याहून निराळी. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारच्या पायथ्याचे जंगल यात्रेकरूंना मोकळे होते, आणि भवनाथपासून भवनाथपर्यंत सुमारे ३६ किलोमीटरचा फेरा होतो. जीणाबाबाची मढी, माळवेला आणि बोरदेवी हे मुक्काम, आणि त्यांच्या दरम्यान इटवाची घोडी, माळवेलाची घोडी आणि नाळपाणीची घोडी अशा तीन खड्या चढउतारांच्या जागा. खिंडीतील खड्या वाटेला तिकडे घोडी म्हणतात. आपल्या शेजारच्या गुजरातीत कुबडीलाही ‘काखघोडी’ असा शब्द आहे. पहिली घोडी बेफिकिरीने उतरली तर दुसऱ्या घोडीची गरज लागते, एवढाच त्या दोन शब्दांमधला संबंध मला दिसतो.

आता गुडघ्यात नेमके काय घडते ते पाहू. विहिरीवर घागर भरून वर ओढणे आणि भरलेली घागर सावकाश खाली सोडणे, या दोन्ही गोष्टी ज्यांनी केल्या असतील त्यांना हे लवकर उमजेल. ओढताना दम लागतो. सोडताना दम लागत नाही, पण दोर तळहातातून सरकत जातो आणि हात सोलून निघतो. पायरी उतरताना असेच होते. वरच्या पायरीवर राहिलेला पाय सर्व शरीर हळूहळू खाली सोडत असतो. हे काम मांडीच्या पुढील अंगाचा स्नायू करतो. तो ताणला जात असतानाच आवळून धरतो, म्हणजे मोटारीच्या ब्रेकचे काम करतो. हा ब्रेक गुडघ्याच्या वाटीवरून खेचला जातो आणि वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. गुडघा जितका अधिक वाकलेला, तितका हा दाब अधिक. उंच पायरी उतरताना गुडघा अधिक वाकतो, म्हणून उंच पायऱ्या अधिक बाधतात.

हा भार किती? बर्लिनमधील संशोधकांनी ज्यांचे गुडघे बदलले होते अशा काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच मापनाची साधने बसवली आणि २०१० साली त्यांचे आकडे प्रसिद्ध केले. सपाटीवर चालताना सांध्यावर येणारा कमाल भार सरासरीने शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. ७० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब केला तर सपाटीवर सुमारे १८३ किलो, चढताना २२१ आणि उतरताना २४२. एका पायरीपुरता हा फरक फार वाटणार नाही. पण गिरनारच्या पायऱ्या दोन पायांत वाटल्या तरी एकेका गुडघ्याच्या वाट्याला पाच हजार येतात, आणि त्या सर्व चढून दमलेल्या पायांनी उतरायच्या असतात.

येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. चढणीवर दम लागतो, छाती धडधडते आणि माणूस आपोआप थांबतो. दम हा पहारेकरी आहे. उतरणीवर हा पहारेकरी झोपी जातो. श्वास शांत, घाम कमी, वारा समोरून, देवदर्शनाचे समाधान मनात आणि तळेटीचा चहा डोळ्यांपुढे. ‘आता काय, उतरायचेच तर आहे!’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की ते ऐकले की मी त्या माणसाच्या पायांकडे पाहतो. छाती तेव्हाच बोलते. मांडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलते. स्नायूंचे असे दुखणे दोन-चार दिवसांत ओसरते, त्याची भीती नको. पण स्नायू थकला की ब्रेक ढिला पडतो, पाय धपकन पडू लागतो, आणि जो भार मांडीने पेलायचा तो सांध्यावर आदळतो. ते दुखणे मात्र घरी येऊन मुक्काम ठोकते.

काही वर्षांपूर्वी आपल्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी आमच्याबरोबर गिरनारला होत्या. पहाटेपूर्वी निघून चढताना त्या आम्हा पुरुषांच्या पुढे होत्या. उतरताना शेवटच्या हजारएक पायऱ्यांवर त्या दर दहा पायऱ्यांनी थांबू लागल्या, आणि विचारले तर ‘काही नाही, साडी सारखी करते’ असे सांगत राहिल्या. आपल्या घरांतील बायका दुखणे सांगत नाहीत. स्वयंपाकघरात सांगत नाहीत, तर देवाच्या डोंगरावर कशाला सांगतील? तळेटीला आल्यावर त्या मला म्हणाल्या, “सर, वर जाताना देव पुढे उभा असतो. खाली येताना कोण असतो हो?” त्यानंतर त्यांना मांडी घालून बसता येईनासे झाले. मंगळागौरीच्या जागरणाला त्या आता खुर्चीत बसतात, आणि देवपूजा उभ्याने करतात.

तुम्ही म्हणाल, खुर्चीत बसल्याने काय बिघडले? आपले निम्मे जगणे जमिनीवरचे आहे. पाटावर बसणे, उकिडवे बसून निवडणे-टिपणे, नातवाला मांडीवर घेणे, भजनाला तास-दोन तास बसणे, हे सारे गुडघ्याच्या आधाराने चालते. ज्याचा गुडघा गेला त्याची यात्रा तर गेलीच, पण पंगतीतली त्याची जागाही बदलते. आपले गुजराती शेजारी याबाबत आपल्यापेक्षा शहाणे म्हणावे लागतील. त्यांच्या जुन्या घरांत जेवताना गुडघ्याखाली ठेवायला लाकडाचे एक छोटे टेकण असे. त्याला ते ढींचणियुं म्हणतात. जेवतानासुद्धा गुडघ्याला आधार द्यावा असे ज्या लोकांना सुचले, त्यांनी गुडघ्याचा मान राखला असे मी म्हणेन.

आधाराची गोष्ट निघाली म्हणून काठीकडे वळतो. काठीवर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण आमच्या मंडळींत सर्वांत अधिक विरोध काठीलाच होतो. साठीच्या गृहस्थाला काठी पुढे केली की त्याला अपमान वाटतो. यालाही भाषाच कारण. ‘म्हातारपणाची काठी’ म्हटले की आपल्याला कर्ता मुलगा आठवतो. तेव्हा हातात खरी काठी घेणे म्हणजे म्हातारपण आणि निराधारपण या दोहोंची कबुली असे मनात कोठेतरी बसले आहे. पण आपली परंपरा काय सांगते? नर्मदेच्या परिक्रमावासीच्या हातात दंड असतो आणि कमंडलू असतो. त्यात तरुणही असतात. काठी ही यात्रेकरूची खूण आहे, वयाची नव्हे. गुडघ्यासाठी काठी वापरणे म्हणजे भक्तीत काही कमी पडले, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा हांसोटच्या बाजूला जाऊन परिक्रमेची वाट पाहून यावी. विमलेश्वरहून होडीने समुद्रसंगम ओलांडून मीठी तलाईला जाण्यासाठी जमलेल्या यात्रेकरूंच्या हातांत काठ्या किती ते मोजावे.

काठीचा उपयोग किती, याचेही मोजमाप झालेले आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील संशोधकांनी १९९९ साली पंचवीस अंशांच्या उतारावर दोन काठ्या घेऊन आणि काठ्यांवाचून चालणाऱ्यांची तुलना केली. काठ्यांमुळे गुडघ्यावरील निरनिराळे भार सुमारे १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. वर सांगितलेल्या पाच हजार पायऱ्यांना हे प्रमाण लावून पाहा, म्हणजे काठीची किंमत कळेल. दोन काठ्या असल्यास उत्तम. पण दोन्ही हात गुंतले की कठडा, पाण्याची बाटली आणि जपमाळ या तिहींची गैरसोय होते, हे मीही जाणतो. एकच घ्यायची तर खांद्याइतकी उंच, सरळ, हाताला पेलेल अशी बांबूची घ्यावी. डांगच्या बांबूइतका चांगला बांबू आपल्याला दुसरीकडे शोधावा लागत नाही. सपाटीवर काठी धरली असता कोपर काटकोनात यावे. उतरताना काठीचे टोक आपल्या पायांहून खाली टेकायचे असते, म्हणून तेथे काठी अधिक लांब लागते. खांद्याइतक्या बांबूचा फायदा हा, की हात चार बोटे वर नेला की काठी लांब झाली. दुकानात मिळणाऱ्या घडीच्या काठ्यांना त्यासाठी पेच फिरवावे लागतात. मात्र दगडी पायरीवर उघडा बांबू घसरतो. त्याच्या टोकाला रबरी टोपण हवेच.

काठी आधी खाली टेकावी, तिच्यावर भार द्यावा आणि मग पाऊल टाकावे. पाऊल पडल्यानंतर टेकलेली काठी शोभेची. ज्यांचा एक गुडघा आधीच दुखरा आहे त्यांनी सपाटीवर काठी दुसऱ्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या हातात धरावी. पायऱ्यांवर त्यांच्यासाठी नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे उलटे वाटते, पण घागरीचा दृष्टान्त आठवा. उतरताना श्रम करतो तो वर राहिलेला पाय. म्हणून वर चांगला पाय राहू द्यावा. असे एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरले की वेळ दुप्पट लागतो. लागू द्यावा.

चालीविषयी मला सर्वांत चांगले शिक्षण डोलीवाल्यांकडून मिळाले. गिरनारचे डोलीवाले माणसाचे वजन करून दर ठरवतात. आमच्या यात्रेत वजनाचा खरा आकडा जाहीर होण्याचा तो एकमेव प्रसंग! ओझे खांद्यावर असताना ते उतरतात कसे, हे मी एकदा बराच वेळ बसून पाहिले. त्यांची पावले आखूड आणि भरभर असतात. गुडघा कधी ताठ होत नाही, थोडा वाकलेलाच राहतो. रुंद पायरीवर ते सरळ न जाता तिरपे जातात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि पाऊल टाकल्याचा आवाज होत नाही. हा शेवटचा मुद्दा मी आमच्या मंडळींना कसोटी म्हणून देतो: आपल्या पावलाचा आवाज ऐका. धप्प असा आवाज येऊ लागला की मांडी थकली, तेथेच बसावे. मांड्या थरथरू लागेपर्यंत वाट पाहू नये. दर दोन-तीनशे पायऱ्यांना, थकवा नसतानाही, पाच मिनिटे थांबणे हे उत्तम.

भीतीने अंग मागे टाकून उतरण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने टाच पुढे निसटते, गुडघा ताठ राहतो आणि सारा हिसका सांध्याला बसतो. अंग पायांच्या वर असावे, किंचित पुढे झुकले तरी चालेल. लीली परिक्रमेच्या घोड्यांवर पायऱ्या नाहीत. तेथे सुटी माती, खडे आणि पाचोळा. अशा जागी वाट रुंद असेल तर नागमोडी उतरावे, पाऊल पूर्ण टेकवावे, आणि मागच्या गर्दीच्या रेट्याने पळू नये. गर्दी हा तेथील खरा धोका आहे. मागचा माणूस घाईत असेल तर बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे. भगिनींसाठी एक सूचना: उतरताना साडीचा घोळ पायरी झाकून टाकतो. निऱ्या चार बोटे वर खोचाव्यात.

पूर्वतयारीविषयी बोलल्यावाचून हे सारे अपुरे राहील. उतरण्याचे बळ उतरूनच येते. सपाटीवर रोज पाच मैल फिरणारा माणूस उतरणीला कच्चाच असतो, आणि सुरतेच्या सकाळच्या फिरण्याचा मला अभिमान असला तरी हे सांगणे भाग आहे. शरीराची एक खुबी अशी, की उतरण्याचा थोडा ताण एकदा सोसला की पुढे काही आठवडे तोच ताण स्नायूंना कमी बाधतो. म्हणून कार्तिकात परिक्रमेला जाणाऱ्याने गणपती बसले की तयारी सुरू करावी. दोन महिने हाताशी राहतात. आपल्या इमारतीचा जिना पुरेसा आहे. वर जायला लिफ्ट वापरलीत तरी मी बोल लावणार नाही, पण उतरताना पायीच या, आणि सावकाश या. दुसरा व्यायाम घरच्या पायरीवरचा: कठडा धरून एका पायावर उभे राहावे आणि दुसऱ्या पायाची टाच, मनात तीन अंक मोजत, खालच्या पायरीला नुसती टेकवून पुन्हा वर घ्यावी. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि धपकन न बसता सावकाश बसणे, हाही त्याच जातीचा व्यायाम. यातील कशानेही गुडघ्यात दुखू लागले तर थांबावे. मध्ये नवरात्र येते. नऊ रात्री गरबा खेळून दहाव्या दिवशी ‘गुडघा का दुखतो?’ असे मला विचारू नये. त्याचे उत्तर सुरतेत सर्वांना ठाऊक आहे.

वजनाचा विषय नाजूक आहे, म्हणून एकाच वाक्यात उरकतो. गुडघ्याचा संधिवात असलेल्या वजनदार लोकांच्या अमेरिकेतील एका अभ्यासात, २००५ साली, असे दिसले की शरीराचे एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

‘फार चालल्याने गुडघे झिजतात’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि ती ऐकून पुष्कळांनी चालणेच सोडले आहे. गुडघा म्हणजे मोटारीचा टायर नव्हे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो तो हालचालीने, दाबण्या-सुटण्याने. बेताचे चालणे हे सांध्याचे अन्न आहे. बाधते ते एकदम, सवयीवाचून आणि थकलेल्या स्नायूंनी केलेले उतरणे.

पादत्राणांविषयी थोडेच. नाडीचा बूट असेल तर उतरण्यापूर्वी पायाच्या वरच्या बाजूला नाडी आवळून बांधावी, म्हणजे पाऊल पुढे सरकून बोटे ठेचली जात नाहीत. नखे आदल्या दिवशी कापावीत. अनवाणी चालण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांनी ऊन चढण्यापूर्वी खाली यावे, कारण तापलेल्या दगडावरून माणूस पळतो, आणि पळणेच तर टाळायचे आहे. गुडघ्याला बांधायच्या लवचिक पट्ट्याने धीर येतो आणि थोडी ऊबही मिळते, पण तो चिलखत नव्हे. वेदनाशामक गोळी आधीच घेऊन उतरू लागणे मला सर्वस्वी गैर वाटते. उतरणीवर दमाचा पहारेकरी झोपलेला असतोच. वेदनेचा पहारेकरी तेवढा जागा असतो, त्यालाही आपण झोपवतो. गुडघा सुजला, मध्येच अडकू लागला किंवा एकाएकी दगा देऊ लागला, तर उतरणे थांबवून मदत मागावी आणि घरी आल्यावर अस्थितज्ज्ञाला दाखवावे. सुजलेल्या गुडघ्याला थंड पाण्याची घडी आणि विश्रांती द्यावी. कोणी हौसेने तेल घेऊन रगडायला बसला तर त्याला नमस्कार करावा.

गिरनारवर २०२० सालच्या ऑक्टोबरपासून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे. यात्रेत त्याचा वापर करावा की नाही यावर आमच्या मंडळींत दरवर्षी कडाक्याचे वाद होतात. माझे मत दोन्ही पक्षांना आवडत नाही. बहुतेक जण रोपवेने वर जातात आणि ‘येताना पायी उतरू’ म्हणतात. गुडघ्याच्या दृष्टीने हे नेमके उलटे आहे. ज्याला पाय आणि छाती धड आहे त्याने पायी चढावे, आणि गुडघा कुरकुरत असेल तर अंबाजीपासून खाली रोपवेने यावे. पाऊल वर चढले ते देवासाठी. खाली येताना पाळणा घेतला म्हणून ते पुण्य कोणी परत मागत नाही. मात्र वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, हे लक्षात असू द्यावे. त्याच्या भरवशावर काठी घरी ठेवू नये.

नर्मदा परिक्रमेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेथे प्रश्न एका दिवसाचा नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने मराठी वाचकाला परिक्रमेची ओढ लावली. आपल्या वाचनालयात या दोन पुस्तकांच्या प्रती वारंवार बांधून घ्याव्या लागतात. निवृत्तीनंतर निघणारे सभासद दरवर्षी दोन-तीन तरी असतात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आणि काठची जुनी वाट गेली. आता दक्षिण तटावर सातपुड्याच्या सोंडा चढत-उतरत जावे लागते. तेथे एक उतार संपला की दुसरा येतो, आणि उद्याही तेच. अशा वाटेवर आजचे गुडघे उद्यासाठी शिल्लक ठेवणे हाच सारा हिशेब. परंपरेने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे, असे मला वाटते. परिक्रमावासीने संग्रह करू नये, जरुरीपुरतेच बरोबर घ्यावे, असा नेम आहे. पाठीवरचे ओझे तेवढे हलके. चातुर्मासात एका जागी राहावे असा नेम आहे; पायांना तेवढी विश्रांती. जुन्या रीतीची परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. घाईला जागाच नाही. आता चार-सहा महिन्यांत परिक्रमा करणारे आपण लोक नेम पाळतो ते सोयीचे, आणि मग गुडघ्यांना दोष देतो. टेंबेस्वामींची समाधी गरुडेश्वरला आहे. तेथवर पोचलेल्या आपल्या मंडळींनी निदान दोन दिवस पाय पसरून बसावे, आणि मग पुढची वाट धरावी.

समूहाने जाताना चालीचा वेग कोणी ठरवायचा, हाही प्रश्न आहे. चढणीवर मागे पडलेल्याची आपण वाट पाहतो. उतरणीवर प्रत्येक जण आपापला सुटतो. आमच्या गटात आता नियम केला आहे, की उतरताना सर्वांत हळू चालणारी व्यक्ती सर्वांच्या पुढे राहील आणि तिला ओलांडून कोणी जाणार नाही. पहिल्या वर्षी तरुणांनी कुरकूर केली. पण ‘साडी सारखी करते’ असे सांगण्याची वेळ त्यामुळे कोणावर येत नाही. मघाशी ज्यांच्याविषयी बोललो त्या भगिनींना मी हा नियम सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “हा आधी का नव्हता?”

यंदा परिक्रमेला जाणाऱ्यांसाठी दोन सराव-फेऱ्या ठरवल्या आहेत. पहिली वलसाडजवळच्या पारनेऱ्याच्या डोंगरावर. तेथे माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत, जुना किल्ला आहे आणि देवीचे दर्शनही होते. चढून झाल्यावर वर अर्धा तास विश्रांती, आणि मग हळू चालणाऱ्याला पुढे ठेवून उतरणे. दुसरी सापुताऱ्याला, आणि यावेळी घाट पायी उतरायचा आहे. मोटार पायथ्याला थांबेल. ज्यांना काठ्या हव्या असतील त्यांनी ग्रंथपालांच्या टेबलावरील वहीत नाव आणि आपली उंची लिहावी. रबरी टोपणे आणलेली आहेत, ती तेथेच मिळतील. आणि जाताना कृपया या सभागृहाचा जिना कठडा धरून, सावकाश उतरावा.